विंडोजचं स्टँडर्ड अकाउंट: घरच्या कॉम्प्युटरवर वापरून सांगते

निकाल आधीच सांगून टाकते. घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारी माणसं तीन-चार असतील, तर रोजच्या वापराचं कुणाचंच अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटर ठेवू नका. स्वतःचंसुद्धा नाही. ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे ॲडमिन, हे मशीनमध्ये काहीही बदलायचा पूर्ण अधिकार असलेलं अकाउंट, आणि स्टँडर्ड म्हणजे मर्यादित अधिकाराचं. विंडोजमध्ये स्टँडर्ड अकाउंटची सोय होम आवृत्तीतही मिळते, वेगळे पैसे लागत नाहीत. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक स्टार डी ड्राइव्हपायी गेला, त्याचं पुढे सांगते.

मी परभणीत घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम, करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, बिलबुकं, शिकवणीवाल्यांच्या प्रश्नपत्रिका. तुळशीचं लग्न लागलं की कामातून दम घ्यायला वेळ नसतो. त्याच मशीनवर मुलाचा अकरावीचा अभ्यास चालतो, गेमही चालतात. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एका कर सल्लागाराकडे कामाला आहेत. मुदत जवळ आली की रात्री जेवण झाल्यावर तेही जीएसटीची रिटर्नं घेऊन बसतात.

आपल्याकडं मशीन फॉरमॅट मारून आलं की आत एकच अकाउंट असतं, बहुतेक वेळा बिनपासवर्डचं, आणि तेच ॲडमिन. गिऱ्हाइकाला कुठं काही अडू नये म्हणून दुकानदार तसं करून देतात. ही सवय जुनी आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत सिस्टीम टाकताना बनवलेली अकाउंटं ॲडमिनच व्हायची आणि त्यातून उघडलेला कुठलाही प्रोग्राम पूर्ण अधिकारानं चालायचा, मग तो टायपिंगचा असो की व्हायरस. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ते बदललं. तुम्ही ॲडमिन असलात तरी प्रोग्राम साध्या अधिकारानं सुरू होतो, आणि सिस्टीममध्ये हात घालायचा असेल तेव्हा स्क्रीन अंधारून विचारतो. लोक त्या विचारण्याला वैतागले, म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये ते कमी-जास्त करायची चार पायऱ्यांची पट्टी आली. कित्येकांनी ती सरळ तळाला ओढून ठेवली.

तरी खरा फरक इथंच आहे. ॲडमिन अकाउंटवर ती खिडकी आली की नुसतं ‘येस’ दाबायचं असतं, आणि ते बोट न वाचताच दाबतं. स्टँडर्ड अकाउंटवर तीच खिडकी ॲडमिनचा पासवर्ड मागते. म्हणजे पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला उठून यावं लागतं आणि समोर काय लिहिलंय ते वाचावं लागतं.

एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. आतून हाक आली, “मम्मी, पासवर्ड टाक नं, गेमचा मॉड टाकायलोय.” मॉड म्हणजे गेममध्ये फेरफार करणारी बाहेरची फाइल. हात पुसून गेले. स्क्रीन काळवंडलेली, मधोमध खिडकी, वर पिवळी पट्टी. पब्लिशरच्या जागी ‘अननोन’. फाइलचं नाव म्हणजे अक्षरं-आकड्यांची खिचडी. त्याला म्हटलं, “हे कुणी बनवलंय ते सांग, मग टाकते.” त्याला सांगता येईना. ‘नो’ दाबलं. मग दोघांनी बसून ज्या पानावरून ती फाइल आली ते पाहिलं, तर इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना तिथं होती. ती फाइल काय करणार होती ते मला सांगता येणार नाही, पण अँटिव्हायरस बंद करायला लावणाऱ्या फाइलला माझ्या घरात जागा नाही. ॲडमिन अकाउंट असतं तर मला पोळपाटावरून उठायची वेळच आली नसती, आणि तो ‘येस’ दाबून मोकळा झाला असता.

आता त्रास. तो आहे आणि कामाच्या माणसाला जाणवतो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फॉन्ट पाठवतं, “ताई, नाव याच अक्षरात पाहिजे.” २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या सुधारणेपासून स्टँडर्ड अकाउंटवरही फॉन्ट टाकता येतो, पण तो फक्त आपल्यापुरता बसतो. आपल्या खासगी फोल्डरात बसलेला हा फॉन्ट काही जुन्या प्रोग्रामांना दिसतच नाही. यादी वर-खाली करत बसायचं आणि फॉन्ट गायब. अशा वेळी फाइलवर राइट क्लिक करून सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल हा पर्याय घ्यायचा, ॲडमिनचा पासवर्ड द्यायचा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. डीटीपीवाल्यांनी हे एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी कटकट संपते.

दुसरं म्हणजे, जुना प्रोग्राम कुरकुर करायला लागला की त्याला ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवा असा सल्ला सगळे देतात. तसं उघडल्यावर फोल्डरातला फोटो ओढून त्या प्रोग्रामात टाकता येत नाही. माऊस बिघडलेला नसतो. कमी अधिकाराच्या खिडकीतून जास्त अधिकाराच्या खिडकीत काही ढकलता येऊ नये म्हणून विंडोजनंच ती वाट बंद केलेली आहे. फोटो इम्पोर्टनं आणावा लागतो.

भाऊजींचं गाऱ्हाणं वेगळं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन, म्हणजे सहीचा पेनड्राइव्ह, मशीनला ओळखू यावं म्हणून जो ड्रायव्हर टाकावा लागतो त्याला ॲडमिन लागतो, आणि जीएसटीवर सही करायचा एमसाइनर नावाचा प्रोग्राम ॲडमिन म्हणून चालवा असंच सांगितलेलं असतं. “वहिनी, कामून एवढा ताप? मला ॲडमिन करून टाका नं,” असं त्यांनी म्हणून पाहिलं. त्यांचं म्हणणं चूक नाही. शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता पासवर्डसाठी कुणाला उठवायचं? म्हणून ॲडमिनचा पासवर्ड त्यांना देऊन ठेवलाय. अकाउंट मात्र स्टँडर्डच आहे. प्रत्येक वेळी टाइप करावा लागतो, त्यामुळे काय चाललंय ते त्यांच्या डोळ्यांखालून जातं.

आता कापलेला स्टार. स्टँडर्ड अकाउंटमुळे मुलाच्या अकाउंटात शिरलेली घाण माझ्या डॉक्युमेंट्सपर्यंत पोचत नाही, कारण एका स्टँडर्ड युजरला दुसऱ्याचं फोल्डर उघडत नाही. पण आपण डीटीपीवाले कामं ठेवतो कुठं? डी ड्राइव्हवर! फॉरमॅट मारला तरी कामं राहावीत म्हणून. आणि सी सोडून बाकीच्या ड्राइव्हवर विंडोज मूळचीच परवानगी अशी ठेवतं की त्या मशीनवरचा कुठलाही युजर तिथल्या फाइली बदलू शकतो, उडवू शकतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला ॲडमिन लागतोच असं नाही. युजरला जे बदलता येतं ते त्यालाही बदलता येतं, आणि माझ्या घरी मुलाच्या अकाउंटाला अख्खा डी ड्राइव्ह बदलता येत होता. मी कामाच्या फोल्डरावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटीत जाऊन परवानगी फक्त माझ्या आणि ॲडमिनच्या नावावर केली. ही गोष्ट विंडोजनं अकाउंट बनवतानाच विचारायला हवी होती. घरगुती माणूस त्या सिक्युरिटीच्या पानापर्यंत पोचत नाही, आणि तो सुरक्षित आहे असं समजून बसतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझ्या स्वतःच्या अकाउंटात काही शिरलं तर माझ्या फाइली जाणारच. त्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवणं, याशिवाय इलाज नाही. ॲडमिन हाती न लागल्यानं एवढा फायदा होतो की विंडोजनं आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती पुसणं त्या व्हायरसला अवघड जातं. पण त्यावर विसंबू नका. आणि फोनवर गोड बोलून स्क्रीन शेअर करायला लावणारे भामटे तर कुठल्याच अकाउंटला जुमानत नाहीत. त्यांना ओटीपी पुरतो.

पूर्ण अधिकाराचा एक फायदा मात्र मला मान्य आहे. मोडल्याशिवाय पोरं शिकत नाहीत. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचा साठा, काय, ड्रायव्हर काय, हे मुलाला कळावं असं मलाही वाटतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं. त्याला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तो पुसून मुलाला दिला. त्यावर त्यानं विंडोजऐवजी उबंटू ही फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम टाकलीय, आणि तिथला ॲडमिन तोच. गंमत म्हणजे तिथंही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं अकाउंट, मूळचं बंदच असतं. सिस्टीममध्ये काही करायचं तर कमांडच्या आधी ‘सुडो’ हा शब्द लिहून स्वतःचा पासवर्ड द्यावा लागतो. एकदा त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला आणि स्क्रीनच येईना. रात्रभर खटपट करून सकाळी सगळं परत टाकलं, माझ्याकडं आलासुद्धा नाही. माझ्या पत्रिका त्या मशीनवर नव्हत्या, म्हणून मीही निवांत झोपले.

करायचं असेल तर क्रम सांभाळा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली आधी एक नवीन अकाउंट बनवा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या. मग त्यात एकदा लॉग-इन होऊन बघा. ते नीट चालल्यावरच तिथून आपलं रोजचं अकाउंट स्टँडर्ड करा. आपल्या फाइली, वॉलपेपर, फॉन्ट जिथल्या तिथं राहतात. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. आणि मशीन पुन्हा फॉरमॅटला गेलं तर दुकानात आधीच सांगा, अकाउंटं दोन पाहिजेत. आमच्या इथल्या पोरानं पहिल्या वेळी दोनदा विचारून घेतलं. आता न सांगता करून देतो.