‘ॲडव्हान्स्ड काउन्सेलिंग स्किल्स’च्या नावाखाली माझे ६३,५२९ रुपये गेले

एका ऑनलाइन कोर्सपायी गेलेल्या पैशांचा आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढे सारवासारव करायला जागा उरणार नाही. नोंदणी ४,९९९. मुख्य फी ३८,०००, तीही कर्जावर. कर्जाची प्रोसेसिंग फी जीएसटी धरून १,१८०. ‘सुपरव्हिजन पॅक’ १२,५००. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता प्रमाणपत्र’ ६,८५०. एकूण ६३,५२९ रुपये. मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माणूस घाईत आणि टंचाईच्या भीतीने निर्णय कसे घेतो यावर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या.

मोफत वेबिनार, शेवटच्या ७ जागा, रात्री १२ पर्यंत सवलत, हे सगळं तुम्हाला पाठ असेल, ते सोडून देते. सांगायचंय ते फोनवरच्या ताईबद्दल. तिचं पद ‘ॲडमिशन काउन्सेलर’. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. ती गप्प राहिली. चांगली चार-पाच सेकंदं. मग म्हणाली, “म्हणजे तुला हे करायचंय, पण बाकीचे पुढे निघून जातील आणि आपण पुस्तकातच राहू, अशी भीती वाटतेय, हो ना?” शांतता, आशयाचा पॅराफ्रेज (समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं), त्याखालच्या भावनेचं प्रतिबिंब (ती भावना ओळखून बोलून दाखवणं), सगळं एका वाक्यात. त्या ६३,५२९ रुपयांत मी पाहिलेलं सर्वांत उत्तम समुपदेशन कौशल्य ते. पुढच्या बारा आठवड्यांत त्याच्या जवळपासही काही दिसलं नाही.

मी एवढी वेडी का झाले? कारण आमच्या अभ्यासक्रमात समुपदेशनाचा पेपर आहे, जर्नलमध्ये पाच केसेस लिहायच्या असतात आणि त्या पाच केसेस कशा ‘लिहिल्या’ जातात हे मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. समोर खरा माणूस बसल्यावर काय बोलायचं, हे शिकायची भूक असते आणि असले लोक नेमकी ती भूक हेरतात. हा माझा बचाव आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

आता ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाबद्दल, कारण फसवणूक त्यातच दडलेली होती. मुक्त प्रश्न, पॅराफ्रेज, भावनेचं प्रतिबिंब, सारांश ही पायाभूत कौशल्यं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन आयव्ही आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात मुलाखतीचे असे छोटे तुकडे पाडले, एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, चित्रीकरण करायचं, ते पाहून पुन्हा करायचं. प्रगत कौशल्यं म्हणजे यापुढचं काम: आत्ता आपल्या दोघांत काय चाललंय ते उघड बोलणं, बोलणं आणि वागणं यातली विसंगती न दुखावता दाखवणं, नातं ताणलं गेलं की ते सत्रातच सावरणं, स्वतःबद्दल किती सांगायचं ते ओळखणं. यातली चूक करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून दुसऱ्या जाणकार कानाने ते सत्र ऐकावं लागतं, यालाच सुपरव्हिजन म्हणतात. मिलर आणि सहकाऱ्यांचा मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या (बदलाची इच्छा माणसाच्या स्वतःच्या तोंडून बाहेर काढणारी संवादाची पद्धत) प्रशिक्षणावरचा २००४ चा अभ्यास हेच सांगतो. १४० व्यावसायिक होते. ज्यांना नुसतं मॅन्युअल आणि व्हिडिओ दिले त्यांच्यात लक्षणीय फरक पडला नाही. कार्यशाळेने फरक पडला, फीडबॅक आणि कोचिंगने आणखी पडला. आणि ‘मला हे छान जमतं’ असं स्वतःबद्दल सांगणं आणि प्रत्यक्ष टेपवर दिसणारं कौशल्य यांचा एकमेकांशी संबंध आढळला नाही.

हे मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना हात आखडतो.

दुसरा शनिवार. पहिल्या शनिवारी शिकवायला खरोखर जाणकार बाई होत्या, दोन तास मजा आली. परताव्याची मुदत पहिल्या वर्गापासून ७ दिवस, म्हणजे दुसरा वर्ग आठव्या दिवशी. हिशोब कसा बसवलाय बघा. त्या दिवशी बाई गायब, एक ‘मास्टर ट्रेनर’ हजर, कॉलवर २१२ जण. मी चॅटमध्ये विचारलं, “आमच्या सत्रांच्या टेप कोण ऐकणार?” उत्तर आलं, “रेकॉर्डिंग गोपनीयतेच्या विरुद्ध आहे, आपल्या पद्धतीत त्याची गरज नसते.”

बरोबर उत्तर दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही मुलीला येतं: लेखी संमती घ्यायची, नावाऐवजी कोड वापरायचा, फाइलला पासवर्ड, कोण ऐकणार ते आधी सांगायचं, टेप कधी पुसणार ती तारीख संमतीपत्रात लिहायची. गोपनीयता सांभाळून रेकॉर्डिंग करता येतं. ज्याच्याकडे ऐकायला माणसं नसतात त्यालाच गोपनीयता आठवते. आणि मी काय केलं? ‘ओके सर, थँक यू’ लिहून हात जोडल्याचं चित्र टाकलं. तिथे उठले असते तर निदान पुढचे १९,३५० वाचले असते, कारण सुपरव्हिजन पॅक आणि प्रमाणपत्राचे पैसे मी त्यानंतर भरले. फी गेलीच आहे तर निदान पूर्ण तरी मिळवू, हा विचार. बुडालेल्या खर्चामागे धावण्याला मानसशास्त्रात नाव आहे, तेही मला येतं.

‘१०० तासांचं सुपरवाइज्ड प्रशिक्षण’ असं प्रमाणपत्रावर छापलंय. ते असे मोजलेत: बारा वर्ग दोन-दोन तासांचे, म्हणजे २४. सुपरव्हिजन पॅकमधले आधीच चित्रित केलेले व्हिडिओ १० तास. उरलेले ६६ तास ‘आत्मचिंतन’, म्हणजे आपणच गुगल फॉर्म भरायचा. तुलनेसाठी सांगते, अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीएसीआरईपी या संस्थेच्या मान्यतेच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, किमान १०० तासांचा, त्यात ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत. त्यानंतर इंटर्नशिप ६०० तास, त्यात २४० प्रत्यक्ष. सोबत आठवड्याला सरासरी तासभर सुपरव्हिजन. जाहिरातीत १०० तास दिसले की पहिला प्रश्न हाच: यातले किती तास क्लायंटसमोर आणि किती तास माझं काम कुणीतरी ऐकलं?

प्रमाणपत्रावर तीन शिक्के आहेत. एक आयएसओ ९००१. ते व्यवस्थापनाच्या कार्यपद्धतीचं मानक आहे, अभ्यासक्रमाच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. दुसरा एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या ‘उद्यम’ नोंदणीचा. उद्यम नोंदणी फुकट आणि स्वयंघोषणेवर होते, वडापावच्या गाडीचीही होते. तिसरा ‘इंटरनॅशनल बोर्ड’. त्याच्या वेबसाइटचं डोमेन कधी नोंदवलं ते हूइजवर (डोमेनच्या नोंदी दाखवणारी सेवा) पाहिलं तर संस्थेच्या पहिल्या बॅचनंतर दोन महिन्यांनी. हे शोधायला चार मिनिटं लागली. पैसे भरायच्या आधीही चारच लागली असती.

एक गोष्ट पैशांपेक्षा गंभीर आहे. पाचव्या वर्गात सांगितलं गेलं की आत्महत्येचा विषय समोरच्याने काढला तर विषय बदला, विचारलंत तर विचार डोक्यात रुजेल. हे साफ चूक आहे आणि धोकादायक आहे. थेट, साध्या शब्दांत विचारायचं असतं: मरून जावं असं वाटतं का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, कधी. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नसतं. विद्यार्थ्याने ते ओझं एकट्याने उचलायचं नसतं, त्याच दिवशी वरिष्ठांना सांगायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हाताशी ठेवायचा. असं चुकीचं शिकवून सातव्या आठवड्यात त्यांनी आम्हाला ‘सरावासाठी’ खऱ्या माणसांचे फोन नंबर दिले. मी दोन फोन केले आणि थांबले. त्या दोघांना आपण कुणाच्या सरावाचं साहित्य आहोत हे माहीत नव्हतं.

तक्रारीचं काय झालं? पोलीस ठाण्यात अंमलदारांचा पहिला प्रश्न, “पैसे तुम्हीच भरले ना? क्लास झाले ना? सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कुठे?” दिवाणी मामला आहे, जा. अर्ज घेतला, पोच मागितली तर “शिक्का साहेबांकडे आहे.” तिसऱ्या फेरीत पोच मिळाली, तीही तारखेशिवाय. चारशेवीसचं आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय एवढंच ज्ञान त्या ठाण्यातून मिळालं. एका नियामक कार्यालयाने कळवलं, हा कोर्स आमच्या मान्यतेचा नाही, सबब आमचा विषय नाही. अहो, मान्यतेचा नाही हीच तर तक्रार! दुसऱ्या कार्यालयाने सांगितलं, पदवी दिली असती तर बघितलं असतं. म्हणजे खोटी पदवी विकली तर गुन्हा, खोटं कौशल्य विकलं तर उद्योजकता. विभागातल्या एका वरिष्ठांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आम्हाला विचारायचं होतंस.” विचारायला गेलो की तास संपलेला असतो सर. कर्ज देणारी कंपनी म्हणते संस्थेशी बोला, संस्था म्हणते कंपनीशी बोला, आणि दोघांचाही फोन ‘तुमचा कॉल महत्त्वाचा आहे’ म्हणतो.

त्या ‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल. तो संस्थेचा हप्ता नसतो, तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स बंद पडला तरी हप्ता थांबत नाही, चुकवला तर क्रेडिट स्कोअर तुमचा पडतो. ओटीपी द्यायच्या आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागा, त्यात कूलिंग ऑफची मुदत लिहिलेली असते, त्या मुदतीत कर्जातून बाहेर पडता येतं. मी ते पान उघडलं चौथ्या महिन्यात. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, शुल्क नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढा, माझ्या तक्रारीनंतर त्यांच्या पानावरचं ‘सुपरवाइज्ड’ रातोरात ‘गाइडेड’ झालं.

आणि कुणी ‘या कोर्सनंतर थेरपिस्ट म्हणून प्रॅक्टिस सुरू करा’ म्हणालं तर फोन ठेवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला १९९२च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्या पात्रतेच्या व्याख्येत दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाची आणि देखरेखीखालच्या प्रशिक्षणाची भाषा करतो, शनिवारच्या झूमची नाही.

शेवटी शिकले ते फुकटात. आम्ही तिघी दर आठवड्याला बसतो: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. २० मिनिटं, टेप चालू, मग जागा बदलायच्या. क्लायंट होणारीने खरी पण छोटी अडचण आणायची, नाटक नाही आणि जुनी जखमही नाही. निरीक्षकाने मत द्यायचं नाही, मोजायचं. नंतर टेप शब्दशः उतरवायची, आपले ‘हं’ आणि ‘पण’सुद्धा. माझ्या पहिल्या टेपमध्ये २७ प्रश्न आणि ६ प्रतिबिंबं निघाली. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगच्या मोजपट्टीवर एका प्रश्नामागे एक प्रतिबिंब म्हणजे ठीक, दोन म्हणजे चांगलं. शिवाय निम्मी प्रतिबिंबं नुसता शब्द परत न करता अर्थ पुढे नेणारी हवीत. माझ्या सहापैकी पाच पोपटपंची होती. एका निवृत्त प्राध्यापिकेने ती टेप ऐकून समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘इथे ती रडणार होती, तू प्रश्न विचारलास.’

तो प्रमाणपत्राचा कागद ग्राहक आयोगाच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडलाय. सातवा हप्ता, ३,१६७ रुपये, येत्या ५ तारखेला खात्यातून जाईल.