सुरी घ्यायची तर दुकानात, पण पोलाद बघून
रोजच्या भाजीची सुरी तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानातून घेणं ऑनलाइनपेक्षा केव्हाही सरस. मुठीकडून टोकाकडे नजर लावा. पातं वाकडं असेल तर लगेच दिसतं, फोटोत नाही दिसत. मग रिव्हेटवरून, म्हणजे पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्यांवरून, नख फिरवा. अडकलं तर तिथे फट आहे: पाणी मुरतं, लाकूड फुगतं आणि मूठ हलायला लागते.

ऑनलाइनची जमेची बाजू एकच. दुकानात नुसतं ‘स्टेनलेस’ सांगतात, ऑनलाइन चांगल्या सुरीला पोलादाचा ग्रेड आणि कडकपणा लिहिलेला असतो. घरी ५६ ते ५८ एचआरसी (पोलादाच्या कडकपणाचं रॉकवेल माप) पुरे. ६०च्या वर धार जास्त टिकते, पण नारळावर किंवा हाडावर टवका उडतो.

विळी मात्र ऑनलाइन नकोच. पाट डुगडुगतो का, हे जमिनीवर ठेवूनच कळतं.