उपकेंद्रातील मधुमेह तपासणी: काम वरच्या दर्जाचे, अधिकार मात्र धूसर

धुळे जिल्ह्यातील आमच्या पांझराकाठच्या गावच्या उपकेंद्रात, ज्याच्या पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे लिहिलेले आहे, मी दीड वर्षापासून आईला मधुमेहाच्या तपासणीसाठी नेत आहे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आहेत. गाव मात्र त्यांना सिस्टरच म्हणते.

पहिल्याच भेटीत त्यांनी केवळ साखर मोजून आम्हाला वाटेला लावले नाही. आईचा पाय स्टुलावर घेऊन बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तिला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला जागोजागी टेकवत विचारले, "माय, आठे समजस का?" डाव्या अंगठ्याखाली आईला काहीच कळले नाही. त्यांनी ते कार्डावर नोंदवले, शेतात अनवाणी न जाण्याची ताकीद दिली आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टरांशी बोलणे करून दिले. त्याआधीच्या दोन खासगी दवाखान्यांत आईला चपलाही कोणी काढायला लावल्या नव्हत्या.

तक्रार आहे ती पुढची. गोळीचा डोस वाढवायची वेळ आली तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संमतीवाचून सिस्टरांना तो बदलता येईना, आणि नेटवर्क नसल्याने आमच्या दोन फेऱ्या वाया गेल्या. यात दोष त्यांचा नाही. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 32 मध्ये डॉक्टरांच्या खालच्या अशा मधल्या फळीसाठी औषधोपचार करण्याच्या मर्यादित परवान्याची तरतूद आहे; पण प्रत्यक्ष उपकेंद्रात कोणता निर्णय कोणाचा, हे रुग्णाला सांगणारा साधा फलकही नाही.

आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने 2002 मध्ये प्रगत परिचर्येची व्याख्या करताना तज्ज्ञ ज्ञान, गुंतागुंतीचे निर्णय घेण्याचे कौशल्य आणि विस्तारित कामासाठी लागणारी क्षमता यांवर भर दिला व पदव्युत्तर शिक्षणाची शिफारस केली. या मापाने सिस्टरांचे पद प्रगत ठरत नाही; आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा अभ्यासक्रम म्हणजे अतिदक्षता विभागासाठीचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर. नुसती जास्त कामे अंगावर टाकल्याने दर्जा वाढत नाही, हे आरोग्य खात्याने (आणि आम्हा नातेवाइकांनीही) ध्यानात घ्यावे.

तपासणीसाठी मी हे उपकेंद्र निःसंकोच सुचवेन. जाताना जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि औषध बदलण्याची शक्यता असल्यास त्या दिवशी डॉक्टर ऑनलाइन भेटतील का, हे आधी फोनवर विचारून घ्यावे.