काचेच्या मागून रंगवायला शिकवणारी कार्यशाळा

पुण्यात एका चित्रकाराच्या स्टुडिओत शनिवार-रविवारी काचचित्रांची जी कार्यशाळा भरते, ती चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या कामावर बेतलेली आहे. शिकवणारे गृहस्थ बडोद्याच्या फाइन आर्ट्स या कलामहाविद्यालयाचे. चित्र, मुद्राचित्र (कोरलेल्या ठशावरून छापलेले चित्र) आणि मातीकाम या तिन्हींत त्यांचा हात चालतो, आणि शिकवण्यात ते जाणवते.

पहिला तास सुब्रमण्यन यांच्या वाटचालीला दिलेला आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकणारा हा केरळी तरुण स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेला, सरकारी महाविद्यालयांची दारे बंद झाली, आणि १९४४ मध्ये तो शांतिनिकेतनच्या कलाभवन या कलाशाळेत नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज या कलावंतांच्या हाताखाली आला. पुढे बडोद्यात अध्यापन, मध्यंतरी मुंबईत हातमाग मंडळाचे काम, १९६३ मध्ये लखनौच्या रवींद्रालय या नाट्यगृहाचे टेराकोटाचे (भाजलेल्या मातीचे) भित्तिशिल्प, बडोद्याच्या कलामेळ्यासाठी खेळणी आणि १९८० मध्ये पुन्हा शांतिनिकेतनात अध्यापन, असा हा प्रवास आहे. हातमाग आणि खेळण्यांना ते जोडधंदा मानत नसत, हे सांगताना शिक्षक नुसत्या स्लाइड दाखवत नाहीत, तर एक विटकी लाकडी बाहुली सर्वांच्या हातात देतात. मला हा तास थोडा लांबला असे वाटले, तरी तो वगळू नये.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. काचेच्या मागील बाजूने रंगवायचे असल्यामुळे नेहमी शेवटी येणारे सारे येथे आधी करावे लागते: डोळ्यातला पांढरा ठिपका प्रथम, मग बुबुळ, मग बाह्यरेषा, त्यानंतर अंगाचा रंग आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. सहीसुद्धा उलटी करायची. माझ्या चित्रातल्या मांजराच्या मिशा पार्श्वभूमीआधी काढायच्या राहिल्या, तेव्हा शिक्षकांनी ब्रश हातात न घेता ब्लेडने वाळलेला रंग बारीक खरवडून त्या रेषा मोकळ्या केल्या आणि मागून पांढरा भरायला सांगितला. मुद्राचित्रकाराचाच हा हात, हे लगेच कळते.

उणिवाही सांगायला हव्यात. एका तुकडीत चौदा जण घेतल्याने प्रत्येकाकडे लक्ष पोहोचत नाही. दोन थरांमध्ये रंग वाळायला पुरेसा वेळ न मिळाल्याने काहींच्या चित्रांचा रंग चिकटून उखडला. काच, रंग आणि चहा शुल्कात धरले आहेत, मात्र चौकटीचे पैसे वेगळे पडतात आणि ते आधी सांगितले जात नाही.

लहान मुलांना बरोबर न्यायचे असल्यास काचेऐवजी ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा शिक्षकांकडे मागावा. सुब्रमण्यन यांनीही त्यावर काम केले आहे, आणि कडा लागण्याची भीती राहत नाही. नाव नोंदवताना रविवारची तुकडी मागावी. त्या दिवशी गर्दी कमी असते.