घरच्या धंद्याला ऑफिसकामासाठी माणूस ठेवला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी पुण्यात धायरीत घरूनच कॅड ड्राफ्टिंग, म्हणजे कंप्युटरवर तांत्रिक ड्रॉइंग काढायचं काम करतो, मागच्या खोलीत दोन मॉनिटर लावून. कस्टमर बहुतेक भोसरी-चाकणचे फॅब्रिकेशनवाले. एकटाच असल्यामुळे ड्रॉइंग मीच, कोटेशन मीच, बिल मीच, आणि पैशासाठी फोन करायचा तोही मीच, आणि ते शेवटचं काम मला आयुष्यात जमलेलं नाही. गेल्या जूनमध्ये एका रविवारी सगळी बिलं काढून बसलो तर ४ लाख ६० हजार बाहेर अडकलेले. बायको म्हणाली, धंदा करतोयस का उधारीचं दुकान चालवतोयस.

याच्या आधी एकदा एका एजन्सीकडून ऑनलाइन असिस्टंट घेऊन बघितला होता. महिन्याला ४० तास, १२ हजार. पोरगा सभ्य, ईमेल तर असा लिहायचा की मलाच वाचून बरं वाटायचं, पण भोसरीतला अकाउंटंट ईमेल वाचतो कुठे, त्याला फोन करावा लागतो आणि तो मराठीत करावा लागतो. त्यात दुसऱ्या महिन्यात माणूसच बदलला, परत पहिल्यापासून सांगत बसा की पीओचा, म्हणजे त्यांच्या लेखी ऑर्डरचा, नंबर नसेल तर बिल परत येतं, अमक्याला हार्डकॉपी सही-शिक्क्यासकट लागते, तमक्याचा स्टोअरवाला चलान मागतो. तीन महिन्यांत गुंडाळलं.

मग आईच्या भजनी मंडळातून ताई मिळाल्या. पतसंस्थेत १८ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी वसुलीला. वडगावहून अॅक्टिवावर येतात, ११ ते २, सोमवार ते शुक्रवार, पगार ११ हजार, पहिला महिना ट्रायल. सीएला विचारून घेतलं होतं, पीएफ २० माणसांपासून पुढे, आणि महाराष्ट्रात बाईमाणसाचा पगार २५ हजारांच्या आत असेल तर प्रोफेशनल टॅक्स कापायचा नसतो, त्यामुळे कागदोपत्री फार काही लफडं झालं नाही. एका पानावर कामाचं स्वरूप, वेळ, सुट्ट्या लिहून दोघांनी सह्या केल्या. एवढं मात्र नक्की करा.

खरं सांगतो, पहिले दोन महिने माझं काम कमी नाही झालं, वाढलं. ताई एक्सेलमध्ये एका बोटाने टाइप करायच्या आणि त्यांचा खरा जीव वहीत. अप्पा बळवंत चौकातून स्वतः लांबट हिशोबाची वही आणली, डाव्या पानावर कस्टमर, उजव्या पानावर कोणाशी बोलले, काय म्हणाला, परत कधी करायचा. मी शीट बनवून दिली ती त्या भरतात, पण माझ्या समाधानासाठी. आई आणि त्या मिळून रोज अर्धा तास गुडघ्यांवर बोलतात तो वेगळा, तो मी पगारात धरलाय.

आता मुद्द्याचं. चाकणच्या एका कस्टमरकडे माझं १ लाखाचं बिल होतं, अधिक १८ हजार जीएसटी, अकरा महिने झालेले. ज्यांचा जीएसटी नंबर आहे त्यांना माहितीये, बिल फाडलं की पैसे येवोत न येवोत, टॅक्स आपण भरायचा. म्हणजे ते १८ हजार मी खिशातून सरकारला देऊन बसलेलो. मी दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर 'सर पेमेंटचं बघा ना प्लीज' टाकायचो, तिकडून अंगठा यायचा. ताईंनी साहेबाला फोन केलाच नाही, थेट अकाउंट्समधल्या मॅडमना लावला. मी शेजारीच बसून ऐकत होतो. 'अहो मॅडम, पेमेंट कधी विचारत नाहीये मी, आमचं बिल सध्या कुठल्या टेबलावर आहे तेवढं सांगता का?' पलीकडे शांतता, मग कागद चाळल्याचा आवाज, मग कळलं की त्यांच्या पीओमध्ये 'ड्रॉइंग चार्जेस' आणि माझ्या बिलावर 'डिझाइन सर्व्हिस', म्हणून सिस्टिममध्ये मॅच होत नव्हतं आणि बिल पहिल्या दिवसापासून तिथेच पडून. अकरा महिने! मी कधी कारण विचारलंच नव्हतं. ताईंनी पीओ दुरुस्त करून घेतला, पेमेंट १० आणि २५ तारखेला निघतात हेही काढून घेतलं, आणि पुढच्या २५ ला टीडीएस (पैसे देताना कस्टमर आपल्या नावाने कापून सरकारला भरतो तो टॅक्स) कापून १ लाख ८ हजार जमा.

तेव्हापासून दर मंगळवारी साडेअकराला फोन. आता अकाउंटवाल्यांना त्या 'मंगळवारच्या मॅडम' म्हणून पाठ आहेत. मी करायचो तेव्हा उगाच अपराध्यासारखं वाटायचं, याच माणसाकडून उद्या पुढचं काम घ्यायचंय ही भीड. ताईंना ती भीड नाही, कारण ड्रॉइंग त्या काढत नाहीत. माणूस ठेवताना मला वाटलं होतं वेळ वाचेल. वेळ वाचला थोडाफार, पण पैसे वसूल झाले ते या भीड नसण्याने. आज बाहेर ९० हजार आहेत आणि त्यातलं प्रत्येक बिल कुठे अडकलंय ते वहीत आहे.

बाकी फायदे पटकन सांगतो. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या बिलांच्या जीएसटी रिटर्नची, तारीख ११, पूर्वी मी १० च्या रात्री बिलं शोधायचो, आता ५ ला सीएकडे जातात. २६एएस, म्हणजे आपल्या नावावर किती टीडीएस जमा झाला त्याचं आयकराचं स्टेटमेंट, डाउनलोड करून ताई टीडीएस टिकमार्क करतात, दोन जणांनी कापलेला पण भरलेला नव्हता ते असंच सापडलं.

आता तक्रारी. ऑक्टोबरमध्ये त्यांनी एका कस्टमरचं कोटेशन दुसऱ्याला पाठवलं, आणि नेमकं कमी रेटचं. दुसऱ्याने लगेच फोन केला, त्याला अख्खं वर्ष तोच रेट द्यायचं कबूल करावं लागलं. चूक त्यांची, पण फाइलला 'फायनल २ नवीन' असं नाव देणारा मीच. आता नावात कस्टमर आणि तारीख, आणि रेट असलेली कुठलीही गोष्ट मी बघितल्याशिवाय जात नाही. गणपतीत दहा दिवस येणार नाही म्हणजे नाही. आणि घरात बाहेरचं माणूस म्हटल्यावर दुपारपर्यंत बनियनवर काम करायची सवय गेली.

नेटबँकिंगचा पासवर्ड आणि ओटीपी दिलेला नाही, देणारही नाही, विश्वास नाही म्हणून नाही, उद्या काही झालं तर त्यांच्यावर नाव यायला नको म्हणून. सोमवारी मी स्टेटमेंट काढून देतो. बिलांसाठी वेगळा ईमेल आयडी केलाय तेवढाच त्यांच्याकडे.

सध्या मार्चची तयारी चाललीये. माझं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) आहे, आणि छोट्या धंद्यांसाठीचा एमएसएमई कायदा म्हणतो की आमच्यासारख्या छोट्यांचं पेमेंट करारात लिहिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत करायचं. आणि २०२३ च्या बजेटमध्ये आयकरात नियम आलाय की मुदत उलटलेलं पेमेंट ३१ मार्चपर्यंतही केलं नाही तर कस्टमरला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. मी याचं कडक पत्र लिहिलं होतं. ताईंनी त्यातली कलमं काढून टाकली, उद्यम नंबर, बिलांची यादी आणि 'आपल्या सीएंना दाखवावे' एवढंच ठेवलं. तीन जणांनी आत्ताच पैसे टाकले.

परवा मंगळवारचे फोन संपल्यावर ताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, 'एप्रिलपासून १३ हजार करायचे, तर ते कधीपर्यंत कळवताय?' अगदी त्याच आवाजात. मी लगेच हो म्हणालो.