शाडू माती बालवाडीत: भाद्रपदापासून दिवाळीपर्यंतच्या वापराचा अनुभव

आमच्या बालवाडीत साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी यंदा रंगीत तयार पिठाच्या डब्यांऐवजी शाडू माती घेतली आणि गणपतीच्या आधीपासून दिवाळी उलटेपर्यंत तीच वापरली. या वयाच्या मुलांसाठी तिच्याइतके उपयोगी साहित्य मला दुसरे आढळले नाही. मात्र तिची वागणूक हवेप्रमाणे बदलते, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावे.

भाद्रपदाच्या दमट हवेत अंगठ्याएवढ्या जाडीचा उंदीर वाळायलाही तीन-चार दिवस लागतात, आणि तोवर मुलांचा धीर निघत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात नेमके उलट होते: वरचा थर भराभर सुकतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. भिजवलेल्या कागदाचा लगदा मातीत मळून घ्यावा, वस्तू सावलीत वाळवावी आणि जोडायच्या जागा काडीने खरवडून मध्ये पातळ चिखल लावावा; एवढे केले, तर भोंडल्यासाठी केलेल्या हत्तीची सोंडही सहसा गळत नाही.

दसऱ्याच्या सुमारास मातीच्या पोळीवर आपट्याचे पान उपडे न ठेवता शिरांची बाजू खाली ठेवून लाटणे फिरवले, की दोन दलांचा सुबक ठसा उमटतो. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाचीच पाने मिळतात. ती मोठी असल्यामुळे लहान हातांना सोयीची पडतात, तेव्हा ठशांपुरती माझी त्याविषयी तक्रार नाही.

खरी मजा किल्ल्याची. उतारावर मोहरी टाकली तर ती घरंगळून पायथ्याशी जमा होते. हळीव मात्र भिजल्यावर बुळबुळीत होऊन मातीला चिकटून बसतो आणि दोन-तीन दिवसांत तटाखाली हिरवी लव दिसू लागते. साडेतीन वर्षांच्या मुलांना बुरूज रचता येत नाहीत, पण हळीव पेरणे आणि पाणी शिंपडणे त्यांना पुरते जमते, किंबहुना पाणी त्यांच्याकडून जरा जास्तच शिंपडले जाते.

उणिवाही आहेत. एका विक्रेत्याकडून आलेल्या पोत्यात खडे निघाले आणि सगळी माती चाळावी लागली. सुकलेली माती झाडल्यास बारीक धूळ उडते, म्हणून फरशी ओल्या फडक्यानेच पुसावी.

मोडलेल्या वस्तू पुन्हा वापरायच्या असतील, तर त्या आधी खडखडीत वाळू द्याव्यात. तशी माती पाण्यात आपोआप विरघळते, अर्धवट ओल्या मातीचे गोळे मात्र तसेच राहतात. मुलांचे हात बादलीत धुवून गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी झाडांना घालावे, कारण हा गाळ मोरीत गेला की नळ तुंबतो.

तयार पिठाचे डबे आता आम्ही फक्त ऐन पावसाळ्यासाठी ठेवणार आहोत.