डरवेंट व्हॅली मिल्स: यंत्रं बघायला गेलात तर हिरमोड होईल, पाणी बघायला जा

इंग्लंडला जाणारे आपले लोक लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट उरकून परत येतात, मधल्या डर्बीशरला कोणी विचारत नाही, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं. डरवेंट नदीचं मॅटलॉक बाथपासून डर्बीपर्यंतचं साधारण २४ किमीचं खोरं २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. कारण काय, तर पाण्यावर सूत कातणारी पहिली यशस्वी गिरणी इथेच क्रॉमफर्डला १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटने काढली. हा गडी मूळचा न्हावी, विग बनवायचा, आणि शेवटी 'सर' होऊन गेला! गिरणगावाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला पाळी, कामगारवस्ती, मालक ही सगळी भानगड सुरू कुठून झाली हे बघायचं असेल तर ते इथे आहे.

पण आधीच सांगतो, क्रॉमफर्ड मिलमध्ये धडधडणारी यंत्रं भरलेला मोठा हॉल वगैरे डोक्यात घेऊन जाऊ नका. सूत बंद पडल्यावर इथे बरेच धंदे झाले, अगदी रंगाचा कारखानासुद्धा, मग १९७९ मध्ये आर्कराइट सोसायटी नावाच्या संस्थेने जागा घेतली आणि साफसफाई, दुरुस्ती सुरू केली. त्यामुळे नुसतं आवारात फिरलात तर दगडी भिंती, दुकानं, कॅफे एवढंच हाती लागेल आणि वाटेल एवढ्यासाठी आलो का. गाइडेड टूर घ्याच. मग कळतं की खरा माल पाण्यात आहे. इथल्या डोंगरात शिशाच्या खाणी होत्या, त्यातलं पाणी बाहेर काढायला बोगदा खणलेला, ते पाणी जमिनीतून आल्यामुळे जरा उबदार, म्हणजे थंडीत गोठत नाही आणि चाक बंद पडत नाही. आर्कराइटने नदीवर भिस्त न ठेवता हे बोगद्याचं पाणी आणि बाजूचा ओढा धरला, आणि १२-१२ तासांच्या दोन पाळ्या लावून गिरणी रात्रंदिवस चालवली. कामाला बायका आणि लहान पोरं भरपूर, ते ऐकताना बरं वाटत नाही. गंमत म्हणजे पुढे दुसऱ्या खाणवाल्यांनी आणखी खालून नवा बोगदा काढला, पाणी तिकडे वळलं आणि इथली सूतकताई आटोपली. रस्त्याकडच्या भिंतीला खालच्या मजल्यावर खिडक्याच नाहीत हे नीट बघा, किल्ल्यासारखं बांधलंय, यंत्रं फोडणाऱ्या लोकांची धास्ती होती ना.

जवळच नॉर्थ स्ट्रीट आहे, १७७६-७७ च्या सुमाराची कामगारांची तीन मजली दगडी घरं. वर मान करून तिसऱ्या मजल्याच्या लांबलचक खिडक्या बघा, बायको-पोरं गिरणीत आणि पुरुष त्या उजेडात विणकाम करायचे. लोक अजून राहतात, तेव्हा दारात उभं राहून सेल्फी नको. त्यातलं एक घर लँडमार्क ट्रस्ट ही जुन्या इमारती जपणारी संस्था सुट्टीसाठी भाड्याने देते म्हणे, पुढच्या वेळी तिथेच राहायचा बेत आहे.

मला सगळ्यात आवडला तो क्रॉमफर्ड कॅनॉल. गिरणीसमोरूनच सुरू होतो, काठाने सपाट वाट, गुडघेदुखीवाल्यांनाही चालेल. पुढे हाय पीक जंक्शनला जुन्या रेल्वेचं वर्कशॉप लागतं, तिथून वॅगन दोरखंडाने डोंगर चढवायचे, चढ बघितलात तर विश्वास बसणार नाही. त्याच्या थोडं पुढे लीवूडचं पंपहाउस, १८४९ चं, नदीतलं पाणी उचलून कॅनॉलमध्ये टाकणारं. वाफेचं इंजिन ठरावीक दिवशीच चालवतात, तारखा बघून जा.

खोऱ्यातलंच दुसरं गिरणीचं गाव बेलपर, तिथे मी बंधारा आणि नदीकाठची बाग एवढ्यावरच भागवलं. नॉर्थ मिल मात्र बाहेरून तरी बघा. आधीची जळाली म्हणून १८०४ मध्ये लोखंडी खांब-तुळया आणि विटांच्या कमानी घालून पुन्हा बांधली. इथल्याच गिरणीमालक स्ट्रटच्या हाताखाली शिकलेला सॅम्युअल स्लेटर १७८९ मध्ये सगळं तंत्र डोक्यात साठवून अमेरिकेला पळाला, इकडचे त्याला गद्दार म्हणायचे. पण डर्बीची रेशीम गिरणी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी, लोंब नावाच्या माणसाने इटलीतली यंत्रं बघून, नक्कल करून १७२१ मध्ये उभी केलेली! त्या जागी आता म्युझियम ऑफ मेकिंग आहे, आत शिरल्या शिरल्या डोक्यावर रोल्स-रॉइसचं अख्खं विमानाचं इंजिन टांगलंय. बरोबर मुलं असतील तर इथून सुरुवात करा, क्रॉमफर्डला ती कंटाळतील.

गाडी नसली तरी अडत नाही, डर्बी-मॅटलॉक लोकल ट्रेन बेलपर, क्रॉमफर्ड, मॅटलॉक बाथ सगळीकडे थांबते. रविवारी मॅटलॉक बाथला बाइकवाल्यांची जत्रा असते, पार्किंग विसरा. तिथल्या एका ठिकाणी खाल्लेले फिश अँड चिप्स तेलकट नि गार होते, तेवढं सोडलं तर पाचात चार स्टार, आणि एक स्टार कापलाय तो टूर न घेणाऱ्याला धड काही कळेल अशी सोय कमी आहे म्हणून.